साडेचारच्या आत

बोटीचा भोंगा ऐकला की माझी नजर अजूनही मनगटाकडे जाते. आज सकाळीही गेली. आम्ही धक्क्यावर उतरत होतो. आई व्हीलचेअरमध्ये, मिलिंद मागून ढकलतोय, मी पर्स आणि शाल सांभाळत बाजूनं चालतेय, आणि शेजारी लागलेल्या बोटीनं कसली तरी सलामी म्हणून लांबलचक भोंगा दिला. लोकांनी हौसेनं टाळ्या वाजवल्या. मी मात्र जागच्या जागी थांबले आणि मनगटाकडे बघितलं. साडेनऊ वाजले होते. घाई कसलीच नव्हती, बोट संध्याकाळी पाचला सुटणार होती. "काय गं, काय राहिलं?" आईनं विचारलं. काही नाही, म्हटलं.

वास तोच आहे. डिझेलचा, तापलेल्या डांबराचा, आणि माणसांनी अंगाला चोपडलेल्या क्रीममधला नारळाचा तो खोटा वास. धक्क्याच्या कडेच्या खांबांवर पेलिकन बसलेत, म्हाताऱ्या पेन्शनरांसारखे छातीत हनुवटी खुपसून. फाटकाबाहेर रंगीत छतांच्या उघड्या टॅक्स्या उभ्या आहेत, ट्रकच्या पाठीवर बाकं ठोकून केलेल्या. सेंट थॉमस हे बेट अमेरिकेचंच. झेंडा तोच, डॉलर तोच, टपालपेटीही तशीच निळी. पण इथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. का, ते मी कधी शोधलं नाही. एवढ्या एका गोष्टीपायी एका दुपारी माझा जीव जायची वेळ आली होती.

मिलिंद कॉफी आणायला गेला. आईची खुर्ची मी बदामाच्या झाडाखाली लावली आणि शेजारच्या बाकावर बसले. ती पुढे समुद्राकडे बघत होती, मी मागचं बघत होते.

दोन हजार सहाच्या जानेवारीत आम्ही इथे आलो तेव्हा व्हीलचेअर नव्हती, आई नव्हती. अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. मिरजेला रेल्वेत गार्ड होते, मालगाडीवर. मालगाडीचा गार्ड घरी कधी येईल ते खुद्द गाडीलाही माहीत नसतं. सकाळी येतो म्हणून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी जेवायला उगवायचा. मी क्वार्टरच्या पायरीवर बसून वाट बघायचे. लाल-हिरवे झेंडे गुंडाळून ठेवलेली ती काळी पत्र्याची पेटी, हातदिव्याचा रॉकेलचा वास, खाकी कोटाच्या बाह्यांना लागलेली कोळशाची पूड, हे सगळं कोपऱ्यावरून वळलं की मग मी आत जाऊन जेवायचे. आई कधी वाट बघताना दिसली नाही. "येतील गं, गाडी आली की येतील," म्हणायची आणि परकरांना नाड्या घालत बसायची. मला मात्र दर वेळी वाटायचं की आज नाही येणार. गाडीचा शेवटचा डबा सुटून मागेच राहिला असेल, आणि त्यात अण्णा एकटे बसले असतील, कुठल्या तरी माळावर. अण्णा आले की माझा चेहरा बघूनच ओळखायचे. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," म्हणायचे आणि डोक्यावर टप्पल मारायचे. ती टप्पल बसली की माझी भीती जायची, पुढच्या ड्यूटीपर्यंत.

मी मुळातच भित्री. त्यात लग्न होऊन जर्सी सिटीत आले ती दोन हजार एकच्या उन्हाळ्यात. सप्टेंबरात नदीपलीकडे जे झालं ते जगानं टीव्हीवर पाहिलं, मी सतराव्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून पाहिलं. त्यानंतर कित्येक आठवडे वाऱ्याची दिशा फिरली की घरात जळका वास यायचा आणि मी खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावत सुटायचे. पुढच्या वर्षी मिलिंदची नोकरी गेली. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे घर, गाडी, डाळ-तांदळाचे डबे, सगळंच त्या एका कागदाला टांगलेलं. नवी नोकरी मिळाली, पण मधल्या दिवसांत मला टपालपेटी उघडायची जी धास्ती बसली ती आजही आहे. लांबट पांढरं पाकीट दिसलं की ते आधी मिलिंदच्या हातात द्यायचं, आपण नाही उघडायचं.

अशा घरी अण्णा आले, दोन हजार पाचच्या नोव्हेंबरात. आई येऊ शकली नाही, माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं. एकट्यानं विमान बदलून आले, हातात मेतकुटाची आणि भाजणीची पिशवी. मला आनंद झालाच, पण त्याहून जास्त काळजी वाटली. अण्णांना मधुमेह. आम्ही घेतलेल्या विम्यात आधीपासूनचं दुखणं बसत नव्हतं. इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या आईवडिलांच्या आजारपणाच्या कथा मी आयसेलिनच्या देशी किराणा दुकानाच्या रांगेत ऐकलेल्या होत्या. पडले, घसरले, अॅम्ब्युलन्स बोलावली, घर विकायची पाळी आली. ऐकताना मान डोलवायची आणि घरी येऊन बाथरूममध्ये आणखी एक पायपुसणं टाकायचं, असं माझं चाललं होतं.

आणि रस्ते. अण्णा रस्ता ओलांडताना सवयीनं उजवीकडे बघायचे आणि गाडी डावीकडून यायची. पहिल्याच आठवड्यात दोनदा ब्रेक करकचले. दुसऱ्या वेळी गाडीवाल्यानं काच खाली करून काय काय म्हटलं ते अण्णांना कळलं नाही, मला कळलं. त्या दिवसापासून मी त्यांचा हात धरायला लागले. चौतीस वर्षं गाडीला हिरवा झेंडा दाखवणारा माणूस, आणि मी त्यांना सिग्नलपाशी मनगटाला धरून उभं करायचे. एकटं खाली जायचं नाही, अशी ताकीदच दिली होती. त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही. दिवसभर खिडकीत उभे राहून खालच्या लोकल गाड्या बघायचे. महिन्याभरात त्यांना वेळापत्रक पाठ झालं. मी ऑफिसातून फोन केला की म्हणायचे, "आज तुमची नऊ-दहाची सात मिनिटं लेट गेली बरं का."

त्यांच्या मनगटावर कायम भारतातली वेळ असायची. बदला म्हटलं तर हसायचे. "तुझ्या आईला तिकडे सोडून आलोय. निदान घड्याळ तरी तिच्यापाशी राहू दे." मग दिवसभर तिकडची बातमी इकडे यायची. आम्ही दुपारी जेवायला बसलो की, "आता दाराला कडी लावली असेल हिनं." दिवेलागणीला मी कुकर लावला की, "उठली बघ. नळाला पाणी आलं." इथली वेळ हवी असली की मनातल्या मनात साडेदहा तास वजा करायचे. डोळे किंचित मिटले की समजायचं, वजाबाकी चाललीय. कधी चुकली नाही. त्यांच्या घड्याळाला हात लावायचा नाही हा घरचा नियमच होऊन बसला.

मिलिंदला कुठून तरी स्वस्तात बोटीची तिकिटं मिळाली. फ्लोरिडाहून निघायचं, आठवडाभर कॅरिबियन समुद्रात फिरायचं. "अरे यार, जानेवारीत इथे मायनस टेन असतं, अण्णांना जरा ऊन दाखवू," म्हणाला. मी आधी नाही म्हटलं. बोट बुडते, अन्न बाधतं, सगळं सांगून झालं. शेवटी अण्णाच म्हणाले, "आयुष्यभर रुळावरनं चाललो. एकदा पाण्यावरनं चालून बघू की." मग गेलो.

एका खिडकी नसलेल्या खोलीत आम्ही तिघं. बोट लागू नये म्हणून मी आल्याच्या वड्या नेल्या होत्या. अण्णांना काहीच लागलं नाही, हलत्या डब्यात झोपायची सवय होती. त्यांनी बोटीच्या भल्यामोठ्या जेवणघरातही वरण नसलेला भात हातानं कालवून खाल्ला, दह्याबरोबर, आणि वाढपी मुलाला "व्हेरी गुड सर्व्हिस" असं रेल्वेच्या इंग्रजीत सांगितलं. तिसऱ्या रात्री उशांवर एक चिठ्ठी होती. उद्या सेंट थॉमस, आज झोपताना घड्याळं एक तास पुढे करा. मी माझं केलं, मिलिंदचं केलं, भिंतीवरचं गजराचं केलं. अण्णांचं घड्याळ पलंगाच्या खुंटीला लटकत होतं. त्यावर भारतातली वेळ होती. ते मी तसंच राहू दिलं.

सकाळी उतरलो ते असेच साडेनऊला. बोटीतून उतरायच्या गँगवेच्या तोंडाशी पोपटाचा पोशाख घातलेला माणूस सगळ्यांबरोबर फोटो काढून घेत होता. अण्णा त्याच्याशी हात मिळवून पुढे झाले. उघड्या टॅक्सीत बसलो, टॅक्सी फाटकाबाहेर पडली, आणि अण्णा माझ्या हाताला धरून जवळजवळ ओरडलेच, "अगं, ही माणसं आपल्या बाजूनं चालवतात!"

"कुठल्या बाजूनं?"

"डावीकडनं! बघ ना!"

ड्रायव्हर बाईनं आरशातून बघितलं आणि हसली. साठीची, डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली. तिनं सांगितलं की हो, इथे असंच, पहिल्यापासून. अण्णा पुढे सरकून तिच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. डोंगराची वळणं, कडेला जास्वंदी आणि बोगनवेल, खाली लख्ख निळं पाणी, यातलं त्यांनी फारसं काही बघितलं नसावं. ते रस्ता बघत होते. प्रत्येक वळणावर समोरची गाडी उजवीकडून आपली आपण निघून जात होती, आणि अण्णा दर वेळी मान हलवत होते, शिष्याचं गणित बरोबर आल्यावर मास्तर हलवतात तशी.

किनाऱ्यावर दोन तास गेले. मिलिंद पोहला. अण्णांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय बुडवले आणि मी केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. वाळू पिठासारखी होती. एक मोठा हिरवा सरडा ऊन खात पडला होता, त्याच्याशी ते काहीतरी बोललेही. मी त्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं होतं, आठवत नव्हतं.

एक वाजता गावात आलो. अरुंद गल्ल्या, जुन्या दगडी वखारींतून केलेली दागिन्यांची दुकानं, दारादारांत आपल्याच चेहऱ्यांचे सिंधी व्यापारी. एकाशी अण्णांनी हिंदीत गप्पा मारल्या. मग माझ्याकडे वळले.

"मी जरा एकटा फिरून येतो."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? फिरून. इथे मला कुणी हात धरायला नको."

मी मिलिंदकडे बघितलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं. दोन महिने आपण त्यांना घरात कोंडून ठेवलंय. ही इज नॉट अ चाइल्ड."

"साडेचारच्या आत बोटीवर पाहिजे, अण्णा."

"चारला फाटकापाशी हजर," अण्णा म्हणाले. "गार्ड उशिरा आला तर गाडी सुटत नाही, माहितीये ना?" आणि निघाले. कोपऱ्यावर रस्ता ओलांडताना त्यांनी उजवीकडे बघितलं, गाडी जाऊ दिली आणि ऐटीत पलीकडे गेले. पांढरे नवे बूट, खिशाला पेन, हात मागे. वळून बघितलं नाही.

पुढचे दोन तास मी जवळजवळ सुखात काढले, हे मला कबूल करायला हवं. सावलीच्या एका जिन्यावर बसलो. कुणीतरी वरच्या खिडकीत मासे तळत होतं. बंदरात छोट्या शिडाच्या होड्या हलत होत्या. मिलिंद माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पेंगला. मला वाटलं, किती दिवसांनी आपल्याला कसलीच भीती वाटत नाहीये.

पावणेचारला आम्ही फाटकापाशी आलो. चार वाजले, अण्णा नाहीत. सव्वाचार वाजले. टॅक्स्या येत होत्या, माणसं पिशव्या घेऊन उतरत होती, प्रत्येक पांढऱ्या डोक्याकडे मी बघत होते. मिलिंद म्हणाला, "येतील. ही इज नेव्हर लेट." आणि मग एकदम माझ्याकडे वळला.

"त्यांच्या घड्याळात इंडियाचा टाइम आहे ना?"

"हो, मग?"

"किती वजा करतात ते?"

साडेदहा, मी म्हणाले. आणि बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं. साडेदहा हे जर्सी सिटीचं गणित होतं. काल रात्री आम्ही एक तास पुढे आलो होतो. अण्णांची वजाबाकी बरोबर येणार होती आणि बोट निघून जाणार होती. चारला येतो म्हणालेला माणूस त्याच्या हिशेबानं अगदी ठोक्याला येणार होता, पाच वाजता. हरवलेल्या माणसाला निदान आपण हरवलो हे ठाऊक असतं. अण्णा कुठे तरी बाकावर बसून मजेत समुद्र बघत असतील, अजून भरपूर वेळ आहे म्हणून. त्यांच्यापाशी मोबाइल नव्हता. खिशात बोटीचं कार्ड, वीस डॉलर आणि रुमाल. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत, गोळ्या खोलीत.

फाटकावरच्या माणसाला मी सगळं सांगितलं, माझं इंग्रजी त्या वेळी भलतीकडेच जात होतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "सॉरी मॅम, कॅप्टन कुणासाठी थांबत नाही." वाईट माणूस नव्हता. मला पाण्याची बाटली दिली.

"तू इथेच थांब, हलू नकोस," मिलिंद म्हणाला. "मी वर जाऊन इन्फॉर्म करतो. त्यांचा पासपोर्ट घेऊन येतो."

"आणि गोळ्या. निळ्या डबीत आहेत." तो पळायला लागला तसं मी मागून ओरडले, "मी नाही येणार बोटीवर. मी इथे थांबणार."

"आपण दोघंही थांबू," तो पळता पळताच म्हणाला.

मग मी एकटी उरले. वरच्या डेकवर लोक ग्लास हातात घेऊन कठड्याला टेकले होते. उशिरा येणाऱ्यांची धावपळ बघणं ही त्यांची करमणूक असते, हे मला तेव्हा समजलं. एक जोडपं पिशव्या सावरत धापा टाकत आलं, त्याबरोबर वरून शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. बाईनं वर बघून हात हलवला. मला त्या सगळ्या बोटीचा राग आला. मग मी रडायला लागले. पदपथावर, भर उन्हात, परक्या माणसांसमोर. मला अण्णा दिसत होते, झाकलेल्या चादरीखाली, हॉस्पिटलात, पोलिसांपुढे रेल्वेच्या इंग्रजीत काहीतरी समजावताना. या बेटावर रात्र पडलीय आणि ते या धक्क्यावर उभे आहेत आणि पाणी रिकामं आहे. आईला फोन करायचा आणि काय सांगायचं, हे वाक्य मी मनात तीन-चार वेळा जुळवलं. कुठल्याच प्रकारे ते पुरं होईना. भोंगा वाजला. मी पुन्हा घड्याळ बघितलं.

पाचला दहा कमी असताना रस्त्याच्या वळणावर अण्णा दिसले.

चालत येत होते. हात मागे बांधून, सावकाश, संध्याकाळी मिरजेच्या तळ्यावर फिरायला निघाल्यासारखे. शर्ट घामानं पाठपोट चिकटला होता, ऊन तसं होतंच. मला बघून हसले. आणि मी, जी अर्धा तास देवाकडे फक्त एवढंच मागत होते, ती त्यांच्यावर तुटून पडले.

"अण्णा, तुम्हाला काही कळतं का? किती वाजले? बोट सुटतेय!"

त्यांनी मनगट किंचित पुढे करून बघितलं, पुन्हा हात मागे नेला. "माझ्या हिशेबानं अजून आहे की वेळ. एवढी काय घाई?"

"घाई काय? आम्ही इथे मरतोय आणि तुम्ही रमत गमत येताय! हे मिरज जंक्शन नाही, तुमच्यासाठी थांबायला!"

एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्याशी आयुष्यात कधी बोलले नव्हते. फाटकावरचा माणूस दुसरीकडे बघायला लागला. अण्णांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्यामागचं काहीतरी गेलं. "चुकलं," म्हणाले. पासपोर्ट घेऊन खाली धावत येणारा मिलिंद गँगवेच्या मध्यावर भेटला. आम्ही आत शिरलो आणि मागे लोखंडी फळी ओढून घेतल्याचा आवाज आला.

त्या रात्री अण्णांनी भात चमच्यानं खाल्ला. मी बोलल्याचं लागलं, म्हणून शिष्टासारखे वागताहेत, असं मला वाटलं. मीही घुश्शात होते. कुठे गेला होतात, काय बघितलंत, हे मी त्यांना विचारलं नाही. नंतरही नाही. जर्सी सिटीला परतल्यावर ते पुन्हा खिडकीत उभे राहायला लागले. एकट्यानं खाली जातो, असं त्यांनी त्यानंतर कधीच म्हटलं नाही. आणि मला, खरं सांगते, बरंच वाटलं होतं. सहा आठवड्यांनी ते परत गेले. त्यानंतर दर वेळी 'या' म्हटलं की काही ना काही कारण निघायचं, आणि मग एका वर्षी ते कारण काढायलाही राहिले नाहीत. अमेरिकेत चार महिने होते. त्यांतले साडेतीन तास त्यांचे स्वतःचे होते, आणि त्या साडेतीन तासांतलं मला काही माहीत नाही.

आज आईची खुर्ची बदामाखाली आहे. ती हल्ली आमच्याकडेच असते. "तुझे वडील गेले होते ते बेट बघायचंय," हा हट्ट तिचाच. कॉफी घेऊन मिलिंद अजून आला नव्हता. आईनं डोळ्यांवर आडवा हात धरून पाण्याच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्याकडे बघितलं. रस्ता बंदराला वळसा घालत पार टोकापर्यंत जातो. तिथे छोट्या लाल किल्ल्याची भिंत दिसते.

"गाव कुठाय?" तिनं विचारलं.

"तो लाल किल्ला दिसतोय ना, त्याच्याही मागे. दीड मैल असेल इथून."

आईनं नजरेनं रस्ता मोजला. "अगं बाई," ती म्हणाली, "एवढं पळाले ते?"

"कोण पळालं?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि जीभ चावली. मग पदरानं चष्मा पुसत बसली. मी खुर्चीसमोर जाऊन उकिडवी बसले. "आई, कोण पळालं?"

"तुला सांगायचं नाही असं वचन घेतलं होतं त्यांनी माझ्याकडून." चष्मा लावला, परत काढला. "आता कुठे आहेत ते रागवायला. गावात मागल्या अंगाला एक न्हाव्याचं दुकान होतं म्हणे. दारात चार म्हातारे लाकडी सोंगट्यांसारखं काहीतरी खेळत बसले होते. यांना खुर्ची दिली. हे बसले, खेळ शिकले, दोन डाव जिंकलेसुद्धा. मग सहज आत भिंतीकडे बघितलं तर घड्याळात सव्वाचार. यांना वाटलं, घड्याळ पुढे असेल. एका म्हाताऱ्यानं स्वतःचं मनगट दाखवलं, मग दुसऱ्यानं. सगळ्यांचं तेच. तेव्हा यांना कळलं, एक तास चुकला."

"मग?"

"मग काय. रस्ता गाड्यांनी तुंबलेला, एक टॅक्सी हलेना. पळत सुटले. त्या वयात. मध्ये एकदा पालथे पडले, उजवा तळहात सोलवटून निघाला. मिरजेला परत आले तेव्हाही डाग होता, मी बघितला ना. म्हणून तर हात मागे धरून आले तुझ्यापुढे."

मी तिच्या हातातून चष्मा घेतला आणि तो पुसत राहिले.

"त्या वळणापाशी तू दिसलीस म्हणे. रडत उभी होतीस. तर तिथे थांबले, तोंड पुसलं, दम खाल्ला आणि चालत आले. मला म्हणाले, मी तसा धापा टाकत गेलो असतो तर पोर आणखी भ्याली असती. तिला वाटू दे, बाप मजेत फिरत होता."

वळणावरून एक टॅक्सी आली, डावीकडून, आणि आमच्यासमोरून निघून गेली. मी किती तरी वेळ त्या रस्त्याकडे बघत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, करकरीत नवे बूट, आणि मी त्याला म्हटलं होतं, रमत गमत येताय. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"होते का गं पण?" मी विचारलं. "मजेत?"

"होते की," आई म्हणाली. "भिंतीवरचं घड्याळ बघेपर्यंत."